सहावीला ऑनर्स घ्यावं की गिफ्टेड प्रोग्रॅम? शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायचाय

काजवा:
नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणारे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारताच येणार नाही म्हणून लिहितेय. लेक पाचवीत आहे, ऑगस्टपासून सहावी म्हणजे मिडल स्कूल. अमेरिकेत येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली तरी इथल्या शाळांचं हे प्रकरण मला अजून पूर्ण कळलेलं नाही, आपल्या वेळी अ तुकडी आणि ब तुकडी, संपला विषय.

तर झालंय असं की हिने थंडीत कॉगॅट (विचारक्षमता बघणारी शाळेतली टेस्ट) दिली, त्यात क्वांटिटेटिव्हला ९९ पर्सेंटाइल, नॉनव्हर्बल ९४ आणि व्हर्बल ८८, आणि त्यावरून डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे इथल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) फुल-टाइम गिफ्टेड प्रोग्रॅममध्ये जागा मिळाल्याचं पत्र आलं. तो प्रोग्रॅम घराजवळच्या शाळेत नाही, दुसऱ्या मिडल स्कूलमध्ये आहे, बस सकाळी ६:३५ ला आणि मध्ये एकदा बदलायची, जवळजवळ पन्नास मिनिटं एका बाजूला. घराजवळच्या शाळेत ऑनर्स मॅथ आणि ऑनर्स इंग्लिश आहे, म्हणजे त्या विषयाचा वरच्या लेव्हलचा वर्ग, ते कुणालाही घेता येतं, फॉर्मवर फक्त टिक करायची. तिथे हिची केजीपासूनची मैत्रीण जाणार आहे आणि ऑर्केस्ट्रा पण आहे, ही चेलो वाजवते. गिफ्टेडवाल्या शाळेत ऑर्केस्ट्रा शाळा सुटल्यावर असतो आणि तेव्हा बस नसते.

नवरा म्हणतो जागा मिळालीय तर घ्यायची, एकदा सोडली की परत मिळत नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाहीये. हिचे रिपोर्ट कार्ड नेहमी छान, सगळ्या टीचर्स लिहितात वर्गात असली की आनंद वाटतो, पण घरी आली की विचारलं आज काय केलं तर उत्तर येतं, "वाचत बसले." दहा मिनिटांत वर्कशीट संपवायची आणि मग बाकाखाली गोष्टीचं पुस्तक. मागच्या आठवड्यात दप्तर आवरताना एक वर्कशीट सापडली, समोर अपूर्णांकांची वीस गणितं, सगळी बरोबर, वर स्टिकर. मागच्या बाजूला पेन्सिलने ठिपक्यांचे त्रिकोण काढलेले, १, ३, ६, १०, १५, आणि खाली लिहिलेलं की शेजारचे दोन मिळवले की ४, ९, १६, २५ येतात, सगळे चौरस, आणि मोठ्या अक्षरात "का????". पान उलटून कुणी बघितलेलंच नव्हतं. मी पण तीन आठवड्यांनी बघितलं. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

ज्यांची मुलं ह्यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा, दोन्हीत नेमका फरक काय, आणि तुम्ही कशावरून ठरवलंत?

दोन_टोकं:
काजवा, अगं आधी शांत हो, दोन्हीपैकी कुठलाही निर्णय चुकला तरी आयुष्याचं वाटोळं होत नाही. माझा मोठा गिफ्टेडमध्ये होता आणि धाकटी ऑनर्समध्ये, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

पहिली गोष्ट, हे दोन शब्द एका जातीचे नाहीतच. गिफ्टेड हे मुलाला लागलेलं आयडेंटिफिकेशन असतं, टेस्ट देऊन, कमिटी बसून मिळालेलं, आणि त्यामुळे शाळेने त्या मुलासाठी काहीतरी सर्व्हिस द्यायची असते. ऑनर्स ही एका विषयाच्या वर्गाची लेव्हल. त्यामुळे काही ठिकाणी गिफ्टेड मूल ऑनर्सच्याच वर्गात बसतं आणि शाळा म्हणते झाली सर्व्हिस. तुमच्याकडे फुल-टाइम आहे म्हणजे चार मेन विषय तरी वेगळे असतील असं धरून चालते, पण विचारून घे, कारण आमच्याकडे पत्रात गिफ्टेड प्रोग्रॅम लिहिलेलं होतं आणि प्रत्यक्षात निघाला आठवड्यातून एकदा पंचाहत्तर मिनिटांचा पुल-आउट, म्हणजे नेहमीच्या वर्गातून बाहेर काढून घेतलेला वेगळा तास. दर बुधवारी सायन्सच्या तासातून उठून जायचं. तिकडे पूल बांधायचे, वादविवाद करायचे, मुलगा खूश, पण सायन्सच्या बाई गुरुवारी क्विझ घ्यायच्या आणि बुधवारचा होमवर्क डबल व्हायचा. सातवीच्या दिवाळीत तो म्हणाला, "आई मला हुशार असल्याची शिक्षा नको." आम्ही काढलं त्याला. चूक प्रोग्रॅमच्या कल्पनेची नव्हती, टाइमटेबल लावणाऱ्यांनी विचार केला नव्हता, पण भोगलं पोराने.

धाकटीला कुठलंही लेबल नाही. ऑनर्स इंग्लिशला तिला अशा बाई मिळाल्या की त्यांनी प्रत्येक निबंध तीनदा लिहून घेतला, समासात प्रश्न विचारून विचारून. तेवढं काम गिफ्टेडमध्ये मोठ्याकडून कुणीच करून घेतलं नव्हतं. पण तिच्याच शाळेतल्या ऑनर्स मॅथमध्ये अठ्ठावीस मुलं, अर्ध्यांना आईबापांनी ढकललेलं, बाई बिचाऱ्या पहिले सहा आठवडे मागच्या वर्षीचंच शिकवत होत्या. म्हणजे एकाच शाळेत एकच शब्द आणि दोन वर्गांत जमीन-अस्मानाचा फरक.

तर फॉर्म भरायच्या आधी काउन्सेलरला फोन कर आणि सरळ विचार, आठवड्यात किती तास मुलं खरोखर वेगळं शिकतात, गणित पुढच्या इयत्तेचं असतं की त्याच इयत्तेची जास्त गणितं, आणि नाही जमलं तर कधी आणि कसं परत येता येतं. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं की जागा परत मिळत नाही, हे पण त्यांनाच विचार. कित्येक डिस्ट्रिक्टमध्ये दरवर्षी परत स्क्रीनिंग असतं.

सरळरेषा:
मी फक्त गणिताबद्दल बोलतो कारण मिडल स्कूलमध्ये पुढे जाऊन खरा फरक पाडणारी गोष्ट माझ्या मते हीच. बाकी विषयात मूल सहावीत कुठे बसलं त्याने नववीत काही अडत नाही, गणितात अडतं, कारण ते शिडीसारखं आहे.

साधी शिडी अशी की अल्जिब्रा १ नववीत, मग जॉमेट्री, अल्जिब्रा २ आणि बारावीला प्रीकॅल्क्युलस. अल्जिब्रा १ आठवीत झालं तर बारावीला कॅल्क्युलस. सातवीत झालं तर कॅल्क्युलस अकरावीतच, आणि बारावीला काय घ्यायचं हा प्रश्न, मग कम्युनिटी कॉलेज नाहीतर ऑनलाइन. त्यामुळे दोन्ही शाळांना एकच विचारा, तुमच्या ह्या ट्रॅकवरचं मूल अल्जिब्रा १ कोणत्या इयत्तेत घेतं. दोन्हीकडे आठवीत असेल तर गणितापुरता फरक कमी आहे, मग शिकवतात कसं ते बघा. एकीकडे सातवीत असेल तर ही घाई मुलीला हवी आहे का ते बघा. आणि अल्जिब्रा १ मिडल स्कूलमध्ये केलं की कित्येक राज्यांत ते हायस्कूलचं क्रेडिट धरतात, ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजला पाठवतात त्या गुणपत्रकावर जाऊ शकते. मिडल स्कूलच्या बाकीच्या ग्रेड्स कॉलेजवाले बघत नाहीत पण ही दिसू शकते, तेव्हा राज्याचा नियम वाचून घ्या.

हे सगळं राज्याराज्यात आणि दर काही वर्षांनी बदलतं हेही लक्षात असू द्या. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं अल्जिब्रा काढून टाकलं, सगळ्यांना नववीतच, आणि दहा वर्षं पालक भांडल्यावर २०२४ मध्ये बोर्डाने परत आणायचं ठरवलं. उलट टेक्ससने २०२३ मध्ये कायदा केला की पाचवीच्या गणिताच्या परीक्षेत वरच्या चाळीस टक्क्यांत असलेल्या मुलांना सहावीला ॲडव्हान्स्ड मॅथमध्ये आपोआप टाकायचं, नको असेल तर पालकांनी तसं सांगायचं. मला हे फार आवडलं, कारण आधी शाळेला विचारणाऱ्या पालकांचीच मुलं तिथे पोचत होती. आपण विचारतो, सगळ्यांना जमत नाही.

आणि त्या ठिपक्यांबद्दल. ताई, ते पान जपून ठेवा. ३ ठिपक्यांचा त्रिकोण उलटा करून ६ च्या त्रिकोणाला चिकटवला की तीन बाय तीनचा चौरस होतो, तिला काही सांगू नका, फक्त बटणं किंवा नाणी द्या आणि टेबलावर मांडायला सांगा, ती स्वतः शोधेल. अशा मुलीला पुढची इयत्ता लवकर शिकवण्यापेक्षा खोल गणित जास्त लागतं. एएमसी ८ ही गणिताची स्पर्धा परीक्षा देऊ दे, २५ प्रश्न, ४० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही, आणि मॅथकाउंट्स ही दुसरी गणित स्पर्धा सहावी ते आठवीसाठी असते, त्याचा क्लब कुठल्या शाळेत आहे तेही विचारा. माझ्या मुलाला ऑनर्समध्ये जे मिळालं नाही ते त्या क्लबमध्ये मिळालं, दर गुरुवारी सव्वा तास, सात मुलं आणि एक फळा.

काजवा:
सरळरेषा दादा, काल रात्री जेवण झाल्यावर बटणांचा डबा दिला. वीस मिनिटं लागली. मग जी ओरडली, शेजारच्यांना वाटलं असेल काय झालं! आज सकाळी विचारत होती की तीन शेजारचे मिळवले तर काय होतं.

दोन_टोकं, आज काउन्सेलरशी बोलले. फुल-टाइमच आहे, चारही विषय, आणि अल्जिब्रा दोन्हीकडे आठवीतच. सातवीला परत अर्ज करता येतो पण जागा रिकामी असेल तर. म्हणजे नवऱ्याचं अर्धं बरोबर.

खडू_फळा:
मी पेनसिल्व्हेनियात मिडल स्कूलला शिकवते, चौदा वर्षं झाली, म्हणून थोडं आतलं सांगते.

आधी एक गैरसमज. बऱ्याच जणांना वाटतं की स्पेशल एज्युकेशनसारखा गिफ्टेडला पण देशभर कायदा आहे. नाही. फेडरल पातळीवर १९८८ चा जेविट्स ॲक्ट आहे, त्यातून संशोधनाला आणि काही प्रकल्पांना पैसे मिळतात, पण तुमच्या मुलीला अमुक मिळालंच पाहिजे असा हक्क त्यातून येत नाही. ते ठरवतं राज्य, आणि त्याखाली डिस्ट्रिक्ट. आमच्याकडे चॅप्टर १६ म्हणून नियम आहेत, आयक्यू १३० किंवा इतर निकष बघून मूल पात्र ठरलं की लेखी प्लॅन बनतो, जीआयईपी म्हणतात, दरवर्षी मीटिंग, पालकांची सही. न्यू जर्सीत २०२० मध्ये कायदा झाला, त्यात डिस्ट्रिक्टने सगळी माहिती वेबसाइटवर टाकायची आणि पालकांना तक्रार करायची सोय ठेवायची. टेक्ससमध्ये गिफ्टेड शिकवणाऱ्या टीचरला आधी ३० तासांचं ट्रेनिंग आणि मग दरवर्षी ६ तास लागतात. तुमच्या राज्यात काय आहे ते शिक्षण खात्याच्या साइटवर मिळेल, आणि मीटिंगला जाताना प्रिंट घेऊन जा. मी शाळेच्या बाजूची आहे तरी सांगते, कागद हातात असलेल्या पालकाशी शाळा वेगळं बोलते.

ऑनर्सच्या टीचरला असं ट्रेनिंग लागतंच असं नाही. मी दोन्ही वर्ग घेतलेत. ऑनर्समध्ये मुलं मेहनती, वही नीट, वेळेवर सगळं, आणि प्रश्न येतो "हे टेस्टला आहे का?" गिफ्टेडच्या वर्गात निम्म्यांचा होमवर्क हरवलेला असतो आणि एक जण तास संपला तरी दारात उभा राहून भांडत असतो की शून्याला शून्याने भागायला काय हरकत आहे. दोन्ही मुलं मला प्रिय आहेत. पण दोघांना लागतं ते वेगळं. पहिल्याला चांगलं, जड, नीट आखलेलं काम लागतं. दुसऱ्याला आपल्यासारखंच कुणीतरी लागतं. काजवाताई, "का????" ला चार प्रश्नचिन्हं लावणारी मुलगी दुसऱ्यातली वाटते मला, पण मी तिला भेटलेले नाही.

आता जे पालकांना आवडत नाही ते. गिफ्टेडमध्ये गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत कोसळणारी मुलं मी दरवर्षी बघते. आयुष्यात पहिल्यांदा ७८ मिळतात आणि त्यांना वाटतं आपण खोटे होतो, चुकून निवडलं गेलो. हर्बर्ट मार्श म्हणून संशोधक आहेत, त्यांनी ह्यावर पुष्कळ काम केलंय, तेवढीच हुशारी असलेलं मूल जास्त हुशार मुलांत बसलं की स्वतःला कमी समजायला लागतं. हे होतंच असं नाही, पण घरून तयारी असेल तर सोसतं. आणि तयारी म्हणजे काय तर घरात "तू हुशार आहेस" हे वाक्य बंद करा. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक ह्यांचा अभ्यास आला होता, तो पाचवीतल्याच मुलांवर होता. हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड प्रश्न आल्यावर लवकर सोडून द्यायला लागली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. वर्गात मी हे डोळ्याने बघते. म्हणून मुलीला पत्र आल्याचं सांगताना "तुझी निवड झाली" असं नका म्हणू, "तिथे तुला अवघड जाईल असं काम आहे, करून बघायचंय का" असं विचारा.

आणि शॅडो डे मागा, म्हणजे मुलीने त्या वर्गात बसून शाळा बघायची. पूर्ण दिवस, ओपन हाउस नव्हे. ओपन हाउसला सगळ्याच शाळा सुंदर दिसतात.

पारिजात:
मी पालक नाहीये, मीच ते मूल होते. आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठी लिहायला घरीच शिकले त्यामुळे चुका समजून घ्या.

मी तीन वर्षं लांबच्या शाळेत गिफ्टेड प्रोग्रॅमला जायचे. वर्ग खूप आवडायचा, तिथे मला पहिल्यांदा कळलं की मी विचित्र नाहीये. पण बसचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. मी पाच वाजून चाळीस मिनिटांनी उठायचे आणि घरी यायचे तेव्हा गल्लीतल्या मुली खेळून घरी गेलेल्या असायच्या. वर्षभरात त्यांनी मला बोलवायचं सोडलं, मुद्दाम नाही, मी नसायचेच. आईला मी हे कधी सांगितलं नाही कारण तिने माझ्यासाठी केवढं केलं होतं, मला वाटायचं तक्रार केली तर ती दुखावेल. नंतर कॉलेजला गेल्यावर सांगितलं तेव्हा ती म्हणाली अगं एकदा बोलली असतीस तर शनिवारी मीच सगळ्यांना घरी बोलवलं असतं.

तर जर पाठवलंत तर जुन्या मैत्रिणीसाठी आठवड्यातला एक वार पक्का ठेवा, कॅलेंडरवर लिहून, चेलोच्या क्लाससारखा. आणि तिला विचारत राहा, शाळा कशी आहे असं नाही, ते विचारलं की मुलं "छान" म्हणतात. जेवताना कुणाशेजारी बसलीस हे विचारा.

परत संधी मिळाली तर मी तेच निवडेन. पण ती वेळ विसरले नाहीये.

दोन_टोकं:
पारिजात, तुझी पोस्ट वाचून मोठ्याच्या खोलीत जाऊन आले. तो झोपलाय, उद्या विचारीन. तुझं मराठी छान आहे गं.

काजवा:
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री अकरा वाजता फॉर्म भरला म्हणून आता लिहायला बसलेय.

बुधवारी शॅडो डे मिळाला, खडू_फळा ताईंचे शब्द जसेच्या तसे ईमेलमध्ये लिहिले आणि दुसऱ्या दिवशी हो आलं. मंगळवारी घराजवळच्या शाळेत पण जाऊन बसलो, तिथल्या ऑनर्स मॅथच्या बाई खरंच चांगल्या आहेत, शांत, समजावून सांगणाऱ्या, आणि वर्गात कुणी मागे राहू नये म्हणून धडपडणाऱ्या. ही तिथे खूश होती, मैत्रिणीला हात केला, वर्कशीट संपवली आणि मग इकडेतिकडे बघत बसली. मला ते बघवलं नाही खरं तर.

बुधवारी मला आत बसू दिलं नाही, तिला सोडून आले. तीन वाजता घ्यायला गेले तर गाडीत बसायच्या आधीच बोलायला सुरुवात. म्हणे ग्रुपमध्ये एक कोडं होतं, मी उत्तर सांगितलं आणि एक मुलगी म्हणाली नाही, तू चुकलीस, आणि दाखवलं कुठे चुकले ते, आणि आई ती बरोबर होती! हे असं डोळे मोठे करून, बक्षीस मिळाल्यासारखं. इतक्या वर्षांत शाळेत हिला कुणी चुकलीस म्हणालंच नव्हतं. घरापर्यंत त्या कोड्याचंच चाललं होतं. नवऱ्याने रात्री विचारलं मग जायचंय का तिकडे, तर म्हणाली, "हो, पण मला थोडी भीती वाटते." आम्ही म्हटलं आम्हाला पण वाटते.

तर गिफ्टेड घेतलं. काउन्सेलरकडून लेखी घेतलंय की पहिल्या नऊ आठवड्यांत परत यायचं असेल तर घराजवळच्या शाळेत ऑनर्समध्ये जागा राहील. ऑर्केस्ट्रा सुटणार म्हणून ती थोडी रडली, त्यावर उपाय अजून सापडला नाहीये, बाहेरचा क्लास बघतेय. मैत्रिणीच्या आईशी बोलून शुक्रवार संध्याकाळ ठरवली आहे, एका आठवड्याला आमच्याकडे, एका आठवड्याला त्यांच्याकडे, आणि ते खरोखर कॅलेंडरवर लिहिलंय, पारिजात.

ती "तू चुकलीस" म्हणणारी मुलगी आमच्याच बस रूटवर आहे असं कळलंय. तिच्या आईचा नंबर मिळवायचाय, सकाळी आळीपाळीने सोडता आलं तर मधली बस बदलणं वाचेल.